दारांतून वाहून गेलेलें पाणी कोणाचें?

कल्याणाहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर टिटवाळ्याच्या पुढें खडवली हें स्टेशन लागतें. गांवाजवळून भातसा नदी वाहते. शहापूर तालुक्यांतील धरणांतून सोडलेलें पाणी ह्या उघड्या पात्रांतूनच खालीं येतें. खडवलीच्या खालच्या अंगास पिसे येथें बंधारा आहे. तेथें तें उपसून पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रांत नेतात, आणि तेथून तें मुंबईस जातें. मुंबईच्या रोजच्या पाण्याचा सुमारें अर्धा भाग भातसेचा आहे. म्हणजे मुंबईंतील जो मनुष्य रविवारीं सहकुटुंब खडवलीस येऊन नदींत पोहतो, काठावर जेवतो, खरकटें पाण्यांत टाकतो आणि संध्याकाळच्या गाडीनें परत जातो, तो आपल्याच पुढील आठवड्याच्या पिण्याच्या पाण्यांत हात धुवून गेलेला असतो. हें त्यास बहुधा ठाऊक नसतें. ठाऊक असतें तर त्यानें तसें केलें नसतें, असें मात्र खात्रीनें म्हणवत नाहीं; कारण मध्यें पांजरापूर आहे, आणि तेथें कोणी तरी तें पाणी स्वच्छ करील हें तो धरून चालतो.

शहरच्या पाहुण्यास दोष देणें सोपें आहे. आपण जे गांवकरी आहों त्यांच्या मोरीचें आणि शौचकूपाचें पाणी कोठें जातें, हा प्रश्न त्याहून अवघड आहे, आणि ह्या लेखाचा विषय तोच आहे.

धर्मपत्रांत सांडपाण्याची चर्चा कशास, असें कोणास वाटेल. परंतु पवित्र शास्त्रानें हा विषय टाळलेला नाहीं. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायांत इस्राएलांच्या छावणीसाठीं जो नियम आहे त्यांत प्रत्येकानें खणण्याचें एक हत्यार जवळ बाळगावें, छावणीबाहेर जाऊन खड्डा करावा व आपली घाण मातीनें झांकावी, असें सांगितलें आहे. आणि त्याचें कारण असें दिलें आहे कीं परमेश्वर त्या छावणींतून फिरत असतो. ज्या नियमशास्त्रांत वेदी व याजक आहेत त्यांतच हें हत्यारही आहे. आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. तें काम कोणा एका कुळाकडे सोंपविलेलें नाहीं. ज्याची घाण त्यानेंच खड्डा खणावयाचा.

आतां मुद्द्याकडे येतों. आपल्या भाषेंत गढूळ पाणी 'निवळतें' असें आपण म्हणतों, आणि ज्या झाडाच्या बियांनीं तें निवळतें त्या झाडास निवळी असें नांव आहे. संस्कृतांत त्यास कतक म्हणतात. सुश्रुतसंहितेंत गढूळ पाणी स्वच्छ करण्याचीं सात साधनें सांगितलीं आहेत. त्यांत कतक आहे, शेवाळाचें मूळ आहे, आणि साधें वस्त्रही आहे. रीत अशी कीं मातीच्या भांड्याच्या आंतल्या बाजूस निवळीचें बी घासावें, मग त्यांत पाणी भरून तें हलूं न देतां ठेवावें. गाळ तळाशीं बसतो. नुसतें कतकाचें नांव घेतल्यानें पाणी निवळत नाहीं, अशा अर्थाचा एक दृष्टांत मनुस्मृतींत आहे. तो ग्रंथ आमच्यांतील पुष्कळांच्या पूर्वजांस कोणत्या पायरीवर बसवीत होता हें आम्ही विसरलेलों नाहीं, आणि २५ डिसेंबर १९२७ रोजीं महाड येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्याचें दहन कां केलें हेंही आम्हांस ठाऊक आहे. तरी खरी गोष्ट कोणाच्याही तोंडची खरीच. प्रभूचें नांव घेऊन दारचें गटार तसेंच वाहूं देणाऱ्या आम्हां ख्रिस्ती लोकांसही तो दृष्टांत नेमका लागू पडतो.

निवळीहून अधिक ओळखीचें झाड शेवग्याचें. त्याच्या शेंगा आपण आमटींत घालतों, पाल्याची भाजी करितों. पण त्याच्या वाळलेल्या बियांत पाणी निवळविण्याचा गुण आहे हें आपल्याकडे थोड्यांसच माहीत असतें. हें झाड मूळचें हिमालयाच्या पायथ्याकडचें, म्हणजे आपल्याच देशाचें. परंतु त्याच्या ह्या गुणाची कीर्ति झाली ती सुदानांतून. तेथें नाईल नदीच्या कांठच्या बायका पुराच्या गढूळ पाण्यांत त्याचें बी कुटून घालीत. सामिया अल अझारिया यान ह्या जर्मन विदुषीनें १९७० नंतरच्या वर्षांत त्या रीतीचा बारकाईनें अभ्यास केला, आणि मग देशोदेशींच्या प्रयोगशाळांत ह्या बियांची परीक्षा होऊं लागली. पुढें चिंचोके, निवडुंगाचा चीक आणि भेंडीचा बुळबुळीत रस ह्यांवरही अशींच शोधकामें झालीं, आणि तीं नुसत्या नदीच्या पाण्यावर नव्हे, तर घरगुती व कारखान्यांच्या सांडपाण्यावरही झालीं.

बी काम कसें करितें हें थोडक्यांत सांगतों. गढूळ पाण्यांत मातीचे व घाणीचे जे अतिसूक्ष्म कण तरंगतात त्यांवर एकाच जातीचा, म्हणजे ऋण, विद्युत्भार असतो. म्हणून ते एकमेकांस दूर लोटतात आणि दिवसेंदिवस खालीं बसत नाहींत. शेवग्याच्या बियांत पाण्यांत विरघळणारीं कांहीं प्रथिनें आहेत. त्यांवरचा भार ह्याच्या उलट, म्हणजे धन असतो. तीं प्रथिनें कणांस चिकटतात, कणांची परस्परांवरील चीड नाहींशी होते, ते एकत्र गोळा होतात आणि जड होऊन तळाशीं जातात. तुरटीही असेंच काम करिते. तुरटीनें मात्र पाण्याचा आंबटपणा वाढतो, आणि तिच्या गाळांत ॲल्युमिनियम राहतें. शेवग्याच्या बियांत हे दोष नाहींत, शिवाय गाळही थोडा होतो. झाडावर पूर्ण वाळलेली शेंग घ्यावी, बियांचीं टरफलें काढावीं, पांढरा गर कुटून थोड्या स्वच्छ पाण्यांत कालवावा, फडक्यानें गाळावा आणि तें दूध गढूळ पाण्यांत ओतावें. पहिलें मिनिटभर जोरानें ढवळावें, पुढें पांचदहा मिनिटें सावकाश, आणि मग दोनएक तास त्यास हात लावूं नये. साधारण गढूळ पाण्यास लिटरमागें एक बी पुरतें. अधिक घाणीस अधिक लागतें. पण फार घातलें तर कणांवर उलटा भार चढून ते पुन्हां विखुरतात, आणि पाणी बिघडतें. ह्या उपायासही माप आहे.

इतकें वाचून कोणा उत्साही तरुणास वाटेल कीं आतां चिंता मिटली. प्रत्येक घरामागें एक शेवगा लावला कीं नदी निर्मळ झाली. येथें थांबून विचार केला पाहिजे. निवळ पाणी आणि शुद्ध पाणी हीं दोन आहेत. बी जें तरंगतें तें खालीं बसवितें. जें विरघळलें आहे तें तसेंच राहतें. मूत्रांतील क्षार, साबणाचा अंश, धुण्याच्या पुडींतील द्रव्यें ह्यांस तें फारसें हात लावीत नाहीं. रोगजंतूंपैकीं बहुतेक गाळाबरोबर खालीं जातात, पण सर्व जात नाहींत, आणि उरलेले पुन्हां वाढतात. कारण बियांतील इतर सत्त्व पाण्यांत उरतें व तेंच त्यांचें अन्न होतें. म्हणून असें पाणी एकदोन दिवस ठेवलें तर त्यास वास येतो. हें पाणी परसांतल्या झाडांस घालावें, पिऊं नये. पिण्याचें असेल तर तें मुळांत सांडपाणी नसावें, आणि निवळल्यावर उकळावें किंवा त्यांत क्लोरीन घालावें.

निवळपणा आणि शुद्धता ह्यांतील हें अंतर किती महाग पडूं शकतें ह्याचीं दोन उदाहरणें सांगण्याजोगीं आहेत. १८९२ मध्यें जर्मनींतील हांबुर्ग शहरांत पटकीची मोठी सांथ आली आणि आठ हजारांहून अधिक माणसें मेलीं. हांबुर्गास लागूनच अल्टोना नांवाचें दुसरें शहर होतें. दोन्ही शहरें एल्ब नदीचें पाणी पीत. इतकेंच नव्हे, तर अल्टोना खालच्या बाजूस असल्यामुळें त्याच्या पाण्यांत हांबुर्गची घाण मिसळलेली असे. तरी सांथ अल्टोन्यांत फारशी पसरली नाहीं. एका रस्त्याच्या ह्या बाजूस प्रेतें आणि त्या बाजूस बहुतेक आरोग्य, असा देखावा लोकांनीं पाहिला. कारण असें कीं अल्टोनेकर नदीचें पाणी वाळूच्या थरांतून हळूहळू गाळून घेत, आणि श्रीमंत हांबुर्ग तें तसेंच पीत असे. रॉबर्ट कॉख ह्यांनीं ह्याची पाहणी केली, आणि पाण्यावाटे पटकी पसरते ह्याविषयींचा वाद पुष्कळ अंशीं मिटला. खालच्या शेजाऱ्यानें दक्षता घेतली तर वरच्याच्या अपराधापासून तो वांचूं शकतो, हें त्यावरून दिसतें.

पण नेहमीं वांचत नाहीं. आपल्याच देशांत दिल्लीस १९५५ च्या अखेरीस यमुनेचा प्रवाह बदलला, आणि नजफगड नाल्याचें मैलापाणी शहराच्या पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत मागें चढलें. केंद्रावरील लोक झोंपलेले नव्हते. त्यांनीं तुरटी वाढविली, क्लोरीन वाढविला. त्यामुळें विषमज्वर व हगवण ह्यांची सांथ आली नाहीं. नळाला येणारें पाणी लोक प्याले, आणि पुढील आठवड्यांत सुमारें २९,३०० माणसांस कावीळ झाली. त्या सांथींतील रक्ताच्या साठविलेल्या नमुन्यांची पुष्कळ वर्षांनीं पुन्हां परीक्षा झाली, तेव्हां ती कावीळ आज जिला 'ई' प्रकारची म्हणतात ती होती असें ठरलें. १९५५ सालीं त्या विषाणूचें नांवही कोणास ठाऊक नव्हतें. ज्यांनीं पाणी निवळविलें त्यांनीं आपलें काम केलें होतें. अपराध, जर कोणाचा म्हणावयाचा तर, नाल्याच्या वरच्या टोंकाचा होता. आणि तेथें राहणाऱ्या हजारों घरांतील एकासही आपण कोणास आजारी पाडलें असें वाटलें नसेल.

ह्यावरून मूळ प्रश्न पुढें येतो. माझ्या दारांतून वाहून गेलेलें पाणी माझें आहे कीं नाहीं? जमिनीचा सातबारा निघतो, बांध मोजतां येतो, शेजाऱ्यानें हातभर पुढें नांगरलें तर आपण तलाठ्याकडे धांवतों. पाण्याचा सातबारा नाहीं. ओट्याखालीं गेलें कीं तें कोणाचेंच राहत नाहीं, असें आपण सगळेच मानून चालतों. ह्या समजुतीस तीन आधार दिले जातात.

पहिला आधार असा कीं माझ्या घरचें पाणी तें कितीसें. नदी एवढी मोठी, ती आपलें आपण शुद्ध होते. ह्यांत अर्धें सत्य आहे. वाहत्या पाण्यांत प्राणवायु मिसळतो, त्यावर जगणारे सूक्ष्म जीव घाण खाऊन टाकतात, ऊन लागतें, गाळ बसतो. पण ह्या सामर्थ्याला मर्यादा आहे, आणि ती कोठें संपते हें पाहावयाचें असेल तर फार दूर जावयास नको. भातसेचें पाणी शेवटीं ज्या उल्हास नदीस मिळतें तिच्यावर मोहन्याच्या बाजूस जलपर्णीचे हिरवे गालिचे पसरलेले पुष्कळांनीं पाहिले आहेत. ती वनस्पति मैलापाण्यांतील खतावर माजते. वनशक्ती ह्या संस्थेनें उल्हास व वालधुनी ह्या नद्यांविषयीं राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, आणि २०१५ मध्यें लवादानें नदीकांठच्या नगरसंस्थांस त्याचा जाब विचारून भरपाई भरण्यास सांगितलें. तेथेंही प्रत्येक घराचें पाणी थोडेंच होतें.

दुसरा आधार असा कीं आपण घरपट्टी भरतों, तेव्हां हें काम ग्रामपंचायतीचें किंवा महानगरपालिकेचें आहे. तें त्यांचें आहेच, आणि तें त्यांजकडून करून घेणें हाही नागरिकाचा धर्म आहे. जो ग्रामसभेंत तोंड उघडीत नाहीं त्यानें शौचकूपाविषयीं कुरकूर करूं नये. परंतु स्टेशनालगतच्या गांवांत चाळी व इमारती जितक्या वेगानें उठतात तितक्या वेगानें गटारें होत नाहींत, आणि शुद्धीकरणाचीं केंद्रें तर त्याहून मागें राहतात. तें काम होईपर्यंतच्या वर्षांत खालच्या गांवच्या मुलानें काय प्यावें, ह्याचें उत्तर घरपट्टीच्या पावतींत नाहीं.

तिसरा आधार आपल्यांत ऐकूं येतो म्हणून त्याकडे अधिक लक्ष देतों. कोणी म्हणतात, प्रभूनें बाहेरच्या शुद्धतेस महत्त्व दिलें नाहीं. मार्काच्या सातव्या अध्यायांत परूशी हात न धुतां जेवणाऱ्या शिष्यांस दोष देतात, तेव्हां प्रभु सांगतो कीं बाहेरून आंत जाणारें मनुष्यास भ्रष्ट करीत नाहीं, आंतून बाहेर निघणारें करितें. मग आम्ही ह्या बाह्य गोष्टींचा बाऊ कशास करावा? ज्यांनीं हा अध्याय असा वाचला त्यांनीं परूशांचें मूळ चुकणें नीट पाहिलें नाहीं. परूशांस शेजाऱ्याच्या आरोग्याची चिंता नव्हती. त्यांस आपण शुद्ध ठरावें ह्याची चिंता होती. आमच्या देशानें ह्या दोन चिंतांतील भेद कोणाहूनही अधिक स्पष्ट पाहिला आहे. २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी अस्पृश्य म्हटलेल्या लोकांनीं ओंजळीनें प्यालें, तेव्हां गांवच्या सनातनी मंडळीनें तळें बाटलें असें ठरविलें आणि शेण, गोमूत्र, दूध, दहीं ह्यांनीं भरलेल्या १०८ घागरी त्यांत ओतून तें 'शुद्ध' केलें. माणसाच्या ओंजळीनें पाणी बिघडतें आणि शेणाच्या घागरीनें सुधारतें, असें मानण्यापर्यंत बुद्धि जाते ती अशाच रीतीनें. प्रभूच्या वचनाचा अर्थ खरोखर मनावर घेतला तर प्रश्न उलटा होतो. माझ्यांत काय शिरलें ह्यापेक्षां माझ्यांतून, माझ्या घरांतून, माझ्या वाडींतून बाहेर काय निघालें, आणि तें कोणाच्या पदरांत पडलें, हें विचारावें लागतें.

यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायांत ह्याच प्रकारचें एक चित्र आहे, आणि तें आमच्या नदीकांठच्या कोणत्याही गुराख्यास समजेल. पुष्ट मेंढरें आधीं पाण्यावर जातात, निवळ पाणी पोटभर पितात, आणि मग उरलेलें पायांनीं ढवळून गढूळ करितात. मागून येणाऱ्या दुबळ्या मेंढरांस तेंच प्यावें लागतें. संदेष्टा पुष्ट मेंढरांस पाणी पिण्याबद्दल दोष देत नाहीं. पिणें हा त्यांचा हक्कच आहे. त्यांचें न्यायांत उभें राहणें आहे तें उरलेल्याविषयीं. मेंढरांत पुष्ट कोण आणि दुबळें कोण हें अंगावरून ठरतें; नदीवर तें जागेवरून ठरतें. खडवलीचा गरीब मनुष्यही पिशाच्या दृष्टीनें पुष्ट मेंढरूं आहे. आम्ही सोसलेला अन्याय आम्हांस पुष्कळ गोष्टींतून सुटका देतो. पण प्रवाहांत आमच्याहून खालीं जो आहे त्याच्यापुढें ती सबब चालत नाहीं.

आतां जी गोष्ट बोलावयास सर्वांत अवघड ती गाळाची. बी पाणी निवळवितें म्हणजे घाण नाहींशी करितें असें नव्हे. ती एका जागीं गोळा करितें. घरगुती टांक्यांत हें केलें तर तळाशीं जो गाळ बसतो त्यांत रोगजंतू असतात आणि पोटांतील जंतांचीं अंडीं तर विशेषच असतात. तीं मातींत महिनोन्महिने, कधीं वर्षानुवर्षें जिवंत राहतात. हा गाळ कोथिंबिरीच्या वाफ्यांत टाकला तर आजार फिरून ताटांत येतो. ओढ्यांत टाकला तर सर्वच खटाटोप व्यर्थ. तो खोल खड्ड्यांत, विहिरीपासून दूर, मातीखालीं पुरून पुष्कळ काळ पडूं दिला पाहिजे. हें सगळें सांगतां येतें. पण तो गाळ टांकींतून बाहेर कोण काढणार?

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घराण्यांस ह्या प्रश्नाचें उत्तर एकेकाळीं गांवानें जन्मतःच ठरवून दिलें होतें. आजोबांनीं मिशनच्या शाळेंत मुलास घातलें तें तें उत्तर पुसण्यासाठीं. आज नातवाच्या घरांत फरशी आहे, शौचकूप आहे, आणि तो भरला कीं नातू फोन करून दुसऱ्या कोणास बोलावितो. गाडी व यंत्र घेऊन येणारा आला तर ठीक. पण कोठें कोठें दोनशें रुपये अधिक देऊन एखाद्या मनुष्यास दोरीनें टांकींत उतरवितात. टांकींत साठणारा विषारी वायु त्यास क्षणांत बेशुद्ध करितो, आणि त्यास वर काढावयास उतरलेला दुसराही तेथेंच पडतो. हातानें मैला साफ करण्याच्या प्रथेस मनाई करणारा कायदा १९९३ मध्यें झाला, २०१३ मध्यें तो अधिक कडक झाला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अशा मृत्यूंची भरपाई तीस लाख रुपयांपर्यंत वाढविली. तरी माणसें मरतात. मरणारा कोणत्या समाजाचा असतो हें आपल्यास विचारावें लागत नाहीं. जी पायरी आपण सोडली तिच्यावर दुसऱ्यास उभें करून आपलें अंगण निवळ ठेवणें, ह्यास उन्नति म्हणावयाचें कीं काय, ह्याचा विचार प्रत्येक मंडळीच्या पंचांनीं एकत्र बसून करावा असें मला वाटतें. उपदेशपीठावरून मी त्यावर बोलूं शकेन. परंतु हा व्यवहाराचा प्रश्न आहे, आणि पैशाचा हिशेब ज्यांच्या हातीं त्यांनींच तो सोडविला पाहिजे. यंत्राच्या गाडीस चार घरांनीं मिळून पैसे द्यावे, आणि माणूस उतरविणाऱ्यास दारांतूनच परत लावावें, एवढें ठरविणें अशक्य नाहीं.

म्हणून बियांचा उपयोग कोठें करावा हेंही नीट ओळखलें पाहिजे. शौचकूपाच्या पाण्यावर घरच्या घरीं प्रयोग करूं नयेत. तें काम पक्क्या टांकीचें, शोषखड्ड्याचें आणि शक्य तेथें सार्वजनिक केंद्राचें आहे. परंतु न्हाणीघर, मोरी व धुणें ह्यांचें पाणी वेगळें काढलें, तर त्यावर शेवगा, निवळी किंवा चिंचोके चालवून पाहण्यास हरकत नाहीं. कोंकणांत पूर्वीपासून मोरीच्या तोंडाशीं अळू आणि केळ लावीत. आजी ती गोष्ट शास्त्र म्हणून करीत नव्हती, पण तींत शास्त्र होतें. आतां तज्ज्ञ लोक कर्दळ व पाणकणीस लावून, खडी आणि वाळूच्या थरांतून सांडपाणी सावकाश जाऊं देतात. मुळांभोंवतीं राहणारे सूक्ष्म जीव बियांनीं न काढलेली विरघळलेली घाण बरीच खातात. आधीं बियांनीं गाळ बसवावा, मग पाणी कर्दळीच्या वाफ्यांतून सोडावें, आणि शेवटीं तें केळीस द्यावें, असा क्रम बरा. ज्या दिवशीं घरांत ब्लीचिंग पावडर किंवा फिनेल मोरींत ओतलें त्या दिवशीं मात्र हे जीव मरतात. इतकी कळ घरांतील बायकांस आधींच सांगून ठेवावी, नव्हे, त्यांनीं पुरुषांस सांगावी.

मारा येथील कडू पाण्यांत मोशेनें परमेश्वरानें दाखविलेलें झाड टाकलें आणि पाणी गोड झालें, असें निर्गमाच्या पंधराव्या अध्यायांत आहे. तो चमत्कार होता, आणि शेवग्याचें बी चमत्कार नव्हे. दोहोंची गल्लत करणाऱ्या उपदेशांचा मला कंटाळा आहे. परंतु त्या गोष्टींतील एक बारकावा आपल्या उपयोगी आहे. लोक कुरकूर करीत होते, आणि परमेश्वरानें त्यांस दूरच्या देशांतील कांहीं आणावयास सांगितलें नाहीं. झाड तेथेंच उभें होतें. तें दाखवावें मात्र लागलें.

शेवग्याच्या शेंगा फाल्गुन-चैत्रांत बाजारांत जातात, आणि त्या विकूं नका असें मी कोणास म्हणत नाहीं. दहापंधरा शेंगा झाडावरच राहूं द्याव्या, त्या तपकिरी होऊन तडकूं लागल्या कीं काढाव्या व कोरड्या डब्यांत ठेवाव्या. मंडळीच्या आवारांत ज्यांनीं प्रयोग करावयाचा त्यांनीं एका बादलींत मोरीचें पाणी घेऊन आधीं तीन भांड्यांत तीन मापांनीं बी घालून पाहावें, आणि कोणत्या भांड्यांतलें पाणी लवकर निवळलें हें रविवारच्या शाळेच्या मुलांस मोजूं द्यावें. शोषखड्डा आणि गाळाचा खड्डा वैशाखांत खणून घ्यावे. एकदां मृगाचा पाऊस लागला म्हणजे नदीकांठची जमीन तुडुंब भरते, खड्ड्यांत पाणी मुरत नाहीं, आणि गांवांतील सगळें सांडपाणी पुन्हां पहिल्या वाटेनें भातसेंत उतरतें.